रेडिओची जुळणी : हाताला शहाणपण देणारे शिक्षण

(भाषणाचा मजकूर)



रेडिओ ही वस्तू महाराष्ट्राच्या खेड्याला नवी नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्रावरून नियमित प्रसारण सुरू झाले. पुढे १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांच्या सहकार्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांतील मंडळी संचाभोवती एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. खेडे केवळ ऐकत नाही, ते विचारही करते, हे या प्रयोगाने सर्वांना दाखवून दिले.

तथापि एक गोष्ट तशीच राहून गेली. रेडिओतून येणारे ज्ञान खेड्याने आपलेसे केले, परंतु रेडिओची पेटी मात्र त्याच्यासाठी बंदच राहिली. आज पेट्यांची संख्या वाढली आहे. पंचायतीने बसविलेला सौर पथदिवा, पाणीपुरवठ्याच्या पंपाचे नियंत्रक, दूध संकलन केंद्रावरील वजनकाटा, शाळेतील संगणक या साऱ्यांच्या पोटात तांब्याच्या रेघा असलेली एक पट्टी आणि तिच्यावर कथलाच्या थेंबांनी जोडलेले शेकडो भाग असतात. त्यांपैकी एक थेंब नीट बसला नाही, तर सारी पेटी मुकी होते. दिवा विझतो, तक्रार तालुक्याला जाते आणि काही आण्यांचा दोष काही हजारांच्या वस्तूला भंगारात नेतो. म्हणूनच तो थेंब नीट कसा बसवावा, हे गावातील मुलामुलींना शिकविणे हा छंदाचा नव्हे, तर विकासाचा प्रश्न आहे. आणि ते शिकविण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतःच्या हातांनी जुळविलेला एक लहानसा रेडिओ.

जुनी विद्या, नवे काम

इंग्रजीत ज्याला सोल्डरिंग म्हणतात, ते डाखकाम आपल्या समाजाला अपरिचित नाही. सोनार दागिन्याची कडी जोडताना टाकणखार वापरतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर नवसागर भुरभुरून कथील फिरवितो. या कृतींमागील तत्त्व एकच आहे. धातूच्या पृष्ठभागावर हवेमुळे गंजाचा सूक्ष्म थर साचलेला असतो. तो आधी दूर केल्याखेरीज वितळलेला धातू त्याला धरत नाही. टाकणखार आणि नवसागर हे काम करतात. रेडिओच्या डाखकामात ते काम राळ करते. नवसागर किंवा आम्ल येथे वापरावयाचे नसते. त्याचा अंश मागे राहून नाजूक तारांना खाऊन टाकतो.

नेहमीच्या डाखात साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असते. या मिश्रणाचा एक गुण विद्यार्थ्यांना नेहमीच चकित करतो. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शुद्ध शिसे ३२७ अंशांना. परंतु दोहोंचे मिश्रण मात्र १८३ अंशांनाच वितळू लागते. म्हणजे एकत्र आल्यावर दोघेही आपला ताठा सोडतात. तांबे वितळण्यास १०८५ अंश लागतात. त्यामुळे तांब्याला धक्का न लावता त्यावर डाख पसरविता येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डाख म्हणजे धातूचा गोंद नव्हे. तापलेल्या तांब्यावर वितळलेला डाख पसरला की त्यातील कथील तांब्याशी संयोग पावून दोहोंच्या सीमेवर एक अतिशय पातळ थर तयार करते. तो थर तयार झाला तरच जोड झाला. तो न होता नुसता थेंब वर थिजून बसला, तर डोळ्यांना जोड दिसतो, विजेला मात्र तो सापडत नाही. कारागिरांच्या भाषेत याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. पुढील साऱ्या विवेचनाचे मर्म या एका शब्दात आहे.

साधने आणि सराव

या कामाला लागणारी साधने थोडी आहेत. पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, ते ठेवण्याची घोडी, टोक पुसण्यासाठी ओलसर स्पंज, पोटात राळ असलेली बावीस गेजची डाखाची तार, चिमटा, तार कापण्याची पक्कड आणि मोजमापासाठी एक साधा मल्टिमीटर एवढ्यावर काम भागते. आयर्नच्या टोकाला प्रथम डाखाचा चकचकीत मुलामा द्यावा लागतो. काळवंडलेले टोक कितीही तापले तरी उष्णता पुढे देत नाही.

विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी रेडिओचा संच देणे हितावह नाही. प्रथम तांब्याच्या तारांचे तुकडे आणि छिद्रे असलेली कोरी पट्टी द्यावी आणि त्याच्याकडून निदान पन्नास जोड करून घ्यावेत. आयर्नच्या टोकावर डाखाचा थेंब घेऊन तो जोडावर नेऊन टेकविण्याची प्रवृत्ती प्रत्येक नवशिक्यात आढळते. चमच्याने तूप वाढावे तसे हे होते. वाटेत राळ जळून जाते, थेंब थंड तांब्यावर पडतो आणि मोत्यासारखा गोल होऊन बसतो.

योग्य रीत याच्या उलट आहे. आयर्नचे टोक भागाच्या पायाला आणि पट्टीवरील तांब्याच्या टिकलीला एकाच वेळी टेकवावे. दीड-दोन सेकंद थांबावे. मग डाखाची तार टोकाला नव्हे, तर तापलेल्या जोडाला दुसऱ्या बाजूने लावावी. जोड पुरेसा तापला असेल तर डाख आपण होऊन वितळतो आणि पाण्यासारखा सभोवार पसरतो. प्रथम तार दूर करावी, नंतर आयर्न. त्यानंतर डाख थिजेपर्यंत भागाला हात लावू नये. साऱ्या कृतीस तीन-चार सेकंद पुरतात. चांगला जोड चकाकतो, त्याच्या कडा तांब्याला चिकटून उतरत्या असतात आणि त्याचा आकार लहानशा देवळाच्या शिखरासारखा दिसतो. वाईट जोड फुगीर, निस्तेज किंवा खडबडीत असतो.

‘डाखाला तापवू नका, जोडाला तापवा’ हे या विद्येचे पहिले सूत्र. ते तोंडपाठ करण्यास अर्धा मिनिट लागते, हातात उतरण्यास मात्र पन्नास जोड लागतात. वाचून मिळणारे आणि करून मिळणारे ज्ञान यांतील अंतर याहून सोप्या रीतीने दाखविता येणार नाही.

संचाची जुळणी

नवशिक्यांसाठी मध्यम लहरींचा अगदी साधा संच घ्यावा. फेरांटी या ब्रिटिश कंपनीने १९७२ साली झेडएन ४१४ ही तीन पायांची आयसी बाजारात आणली. दिसावयास ती एका ट्रान्झिस्टरएवढी, परंतु तिच्या पोटात दहा ट्रान्झिस्टर होते. तिच्याच धर्तीवरील टीए ७६४२ ही आयसी अशा संचांत वापरली जाते. तिच्या जोडीला एक-दोन ट्रान्झिस्टर, काही रोध, काही धारित्रे, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले वेटोळे, केंद्र लावण्याचे फिरते धारित्र, कर्णयंत्र आणि पेन्सिल सेल एवढे मिळून रेडिओ होतो. सारे जोड मोजले तर चाळीसच्या आसपास भरतात.

संच निवडण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. एफएम वाहिन्यांचा विस्तार झाल्यापासून मध्यम लहरींवरील काही प्रक्षेपक बंद करण्यात आले आहेत. आपल्या गावी दिवसा मध्यम लहरींवर कोणते केंद्र स्पष्ट ऐकू येते, ते दुसऱ्या एखाद्या रेडिओवर आधी पाहावे. केंद्र नसेल तर एफएमचा संच घ्यावा. अन्यथा निर्दोष जुळणी करूनही रेडिओ मुका राहील आणि विद्यार्थी विनाकारण स्वतःला दोष देत बसतील.

जुळणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम बुटके भाग बसवावेत, मग उंच. म्हणजे आधी रोध, नंतर लहान धारित्रे, मग मोठी धारित्रे आणि शेवटी उष्णतेला नाजूक असलेले ट्रान्झिस्टर व आयसी. रोधावरील रंगीत पट्टे वाचणे हा स्वतंत्र पाठच आहे. तपकिरी, काळा आणि नारिंगी असे पट्टे असतील तर तो दहा हजार ओहमचा रोध होय. मोठ्या धारित्राला धन आणि ऋण अशी दिशा असते. आयसीच्या सपाट बाजूचे तोंड कोठे, हे आकृतीत पाहूनच ठरवावे लागते. घाईने उलट बसविलेला भाग काढून पुन्हा बसविताना पट्टीवरील तांबे सुटते. त्यामुळे डाख देण्यापूर्वी आकृतीकडे दोनदा पाहण्याची सवय आपोआप लागते.

वेटोळ्याची तार हा या जुळणीतील खरा सापळा आहे. ती तांब्याची दिसते म्हणून विद्यार्थी तिला सरळ डाख देतात. प्रत्यक्षात तिच्यावर रोगणाचे पारदर्शक आवरण असते. बारीक पॉलिश कागदाने टोके घासून आवरण काढले नाही, तर वरून सुंदर दिसणाऱ्या जोडातून वीज जातच नाही. जे दिसते ते तसेच असते असे नाही, हा धडा ही केसासारखी तार देऊन जाते.

विज्ञानाचा पाठ

शिक्षकांना या जुळणीतून पाठ्यपुस्तकातील कितीतरी प्रकरणे जिवंत करता येतात. वेटोळे आणि धारित्र मिळून एक झोका तयार होतो. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तरच तो चढत जातो. त्याचप्रमाणे हे मंडल आपल्या लयीशी जुळणारी लहर तेवढी उचलते आणि बाकीच्या सोडून देते. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झ एवढा आहे. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत कंपनसंख्या तिपटीने वाढते. मात्र कंपनसंख्या धारितेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे हा पट्टा पार करण्यास धारिता नऊ पटींनी बदलावी लागते. वर्गमूळ कशासाठी शिकावयाचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला रेडिओची चकती फिरविताना त्याचे उत्तर मिळते.

संच हातात धरून सावकाश गोल फिरविला तर आवाज कमीजास्त होतो. फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असते तेव्हा आवाज मोठा येतो. तिचे टोक केंद्राकडे वळले की तो अगदी क्षीण होतो. नकाशा आणि होकायंत्र घेऊन मुलांना केंद्राची दिशा शोधावयास लावावी. भूगोलाचा आणि भौतिकीचा तास तेथे एक होतो.

मुका रेडिओ

परंतु या शिक्षणाचे खरे मोल रेडिओ वाजतो तेव्हा नव्हे, तर तो वाजत नाही तेव्हा कळते. चाळीस जोडांपैकी एकोणचाळीस निर्दोष असले आणि एक कच्चा राहिला, तरी संच मुका राहू शकतो. शाळेच्या परीक्षेत चाळीसपैकी एकोणचाळीस गुण मिळविणारा विद्यार्थी पहिला येतो. रेडिओ मात्र पस्तीस टक्क्यांवर कोणाला उत्तीर्ण करीत नाही. तो वशिला मानीत नाही, सबब ऐकत नाही आणि कोणाचा मुलगा आहे हेही विचारीत नाही.

अशा वेळी नवशिका सारेच जोड पुन्हा तापवू लागतो. तसे करू देऊ नये. दोष शोधण्याची पद्धत असते. प्रथम सेलचा दाब मोजावा. मग भाग उलटसुलट बसले आहेत काय, शेजारच्या दोन टिकल्यांवर डाखाचा पूल झाला आहे काय, हे भिंगातून पाहावे. नंतर संचाचे मनाने दोन भाग करावेत : लहर पकडणारा आणि आवाज वाढविणारा. आवाज वाढविणाऱ्या भागाच्या प्रवेशाला ओल्या बोटाने स्पर्श केला असता कर्णयंत्रात खरखर किंवा घुमणे ऐकू आले, तर तो अर्धा निर्दोष असण्याचा संभव मोठा. दोष उरलेल्या अर्ध्यात शोधावा. मग त्याचेही दोन भाग करावेत. शेवटी संशयित जोडाला लाकडी काडीने हळूच ढकलावे. आवाज एकदम येऊन गेला की चोर सापडला.

बोटाची ही परीक्षा सेलवर चालणाऱ्या संचापुरतीच आहे. घरातील विजेवर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणात बोट घालणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणे होय, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी निक्षून सांगावे.

या शोधात विद्यार्थी जे शिकतो, ते रेडिओपुरते मर्यादित राहत नाही. अंदाज बांधणे, तो तपासणे, चुकला तर सोडून देणे आणि दोष स्वतःच्या हातून झाला असेल तर तो निमूटपणे दुरुस्त करणे, ही वैज्ञानिक वृत्ती होय. ती भाषणांनी येत नाही.

कच्चा जोड पहिल्याच दिवशी दगा देतो असेही नाही. कित्येकदा तो काही महिने तग धरतो. उन्हाने पट्टी प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते, पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि मग एके दिवशी तो सुटतो. गावातील दिवा बसविला त्या दिवशी लागला, फोटो निघाला आणि पहिल्या पावसानंतर विझला, हा अनुभव येथे बसलेल्या पंचायत सदस्यांना अपरिचित नसेल. प्रत्येक वेळी कारण कच्चा जोड हेच असते असे नव्हे. परंतु खांबावरची पेटी उघडून पाहणारा एक तरी जाणता हात गावात असेल, तर कारण निदान कळते तरी.

खबरदारी

हे काम धोक्याचे नाही, परंतु बेफिकिरीचेही नाही. आयर्नचे टोक तीनशे अंशांहून अधिक तापते. ते घोडीवरच ठेवावे, टेबलावर नव्हे. डाखातील शिसे विषारी आहे. ते या उष्णतेला वाफ होऊन उडत नाही, पण बोटांना लागून पोटात जाऊ शकते. कामाच्या जागी खाणेपिणे वर्ज्य करावे आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. राळेच्या धुराने दम्याचा विकार जडू शकतो. यासाठी खिडक्या उघड्या असाव्यात आणि जोडावर तोंड आणून काम करू नये. लहान मुलांसाठी हा उपक्रम नाही. आठवी-नववीपासूनचे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली तो करू शकतात. शिसेविरहित डाखही मिळतो. तो वितळण्यास सुमारे २२० अंश लागतात, म्हणून सराव झाल्यावर तो वापरणे सोयीचे पडते. उरलेले तुकडे आणि निकामी पट्ट्या कचऱ्यात किंवा चुलीत न टाकता ई-कचरा म्हणून वेगळ्या जमा कराव्यात.

गावाने काय करावे

काम करता करता शिकावे, हा विचार या भूमीला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानण्याची योजना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेल्या मुलांनाही हाताने काम करताना विज्ञान समजते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. तेथे आकाराला आलेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. विद्यार्थ्यांनी शिकता शिकता गावाची कामेही करावीत, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

त्याच वाटेने प्रत्येक मोठ्या गावाला थोडे पुढे जाता येईल. शाळेतील एक खोली, चार-पाच आयर्न, दोन मल्टिमीटर आणि दरवर्षी काही संच एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. शिक्षकांना हे काम येत नसेल तर त्यात कमीपणा नाही. बाजारपेठेच्या गावी रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा एखादा कारागीर असतोच. त्याला शाळेत सन्मानाने बोलवावे. त्याच्याकडे हात आहे, शिक्षकाकडे सूत्र आहे. दोघे एका टेबलाशी बसले की मुलांना दोन्ही मिळतात. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे साहाय्यही घेता येईल. मुलींना या टेबलापासून दूर ठेवू नये. रांगोळीची रेघ आणि सुईचा टाका ज्या हातांना साधतो, त्यांना तीन सेकंदांचा हा जोड अवघड नाही.

आणखी एक पथ्य पाळावे. कोणाचा रेडिओ आधी वाजला, याची शर्यत लावू नये. ज्याचा रेडिओ वाजला नाही आणि ज्याने दोष शोधून तो वाजविला, त्याच्या वहीत त्या शोधाची टाचणे असावीत आणि तिचे सर्वांसमोर वाचन व्हावे. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती वही कोणत्याही पुस्तकाहून अधिक उपयोगी पडेल.

योजना येतात, साहित्य येते, उद्‌घाटने होतात. ते सारे टिकते की नाही, हे मात्र गावातील हातांवर अवलंबून असते. बाहेरून आलेल्या वस्तूचे झाकण उघडून तिला समजून घेणारी पिढी तयार करावयाची असेल, तर तिची सुरुवात चाळीस जोडांच्या एका रेडिओपासून करता येईल. जोड पक्का की कच्चा, हे पाहण्याची दृष्टी एकदा आली की ती पट्टीवरच्या कथलापुरती राहत नाही. असे विद्यार्थी उद्या ग्रामसभेत बसतील तेव्हा रस्त्याचे, नळाचे आणि दिव्याचे काम वरवर झाले की खरोखर झाले, हेही ते तितक्याच बारकाईने पाहतील.